विमा प्रतिनिधीचा मोबदला: करारपत्र उलटसुलट करून पाहिलं तर

'विमा प्रतिनिधी पाहिजेत' अशा जाहिरातीत दोन गोष्टी ठळक टायपात असतात: पहिल्या वर्षाच्या कमिशनची टक्केवारी आणि 'कमाईला मर्यादा नाही' हे वाक्य. दोन्ही बहुधा खरीच असतात. कमाईला वरून मर्यादा नसते तशी खालूनही नसते, एवढंच छापायचं राहून जातं. इथे परीक्षण आहे ते कंपनी प्रतिनिधीच्या हातात ठेवते त्या मोबदल्याच्या कराराचं. तोही एक मालच आहे. त्याला वजन आहे, भेसळ आहे आणि बारीक अक्षरातल्या अटीही आहेत. विमा विकायला निघालेला माणूस ग्राहकाला पॉलिसीतल्या अटी वाचायला सांगतो आणि स्वतःचा करार मात्र शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो, हे या धंद्यात नेहमीचंच.

एकच गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे आकडे कशासाठी ते कळेल: पहिल्या वर्षाची टक्केवारी ही दुकानावरची पाटी. माल पाहायचा तो रिन्युअल (पहिल्या वर्षानंतरच्या हप्त्यांवरचं कमिशन), वसुली (पॉलिसी बंद पडली की कंपनी परत घेते ते कमिशन) आणि मालकी (ग्राहक कोणाचे) या तीन कलमांत.

करार साधारण चार रूपांत समोर येतो.

पहिलं रूप पगार आणि वर इन्सेंटिव्ह. बँकेच्या काउंटरवर बसणारे, कंपनीच्या थेट विक्री विभागातले, फोनवरून विकणारे बहुतेक या गटातले. पगार ठरलेला, खर्च कंपनीचा, ग्राहकही बराचसा कंपनीनेच आणलेला. मेख असते टप्प्यांत. इन्सेंटिव्ह पहिल्या पॉलिसीपासून मिळत नाही. टार्गेटचा काही भाग, समजा ८० टक्के, ओलांडला तरच तो सुरू होतो. ७९ टक्क्यांवर शून्य आणि ८१ टक्क्यांवर पूर्ण टप्पा. अशी कडा ठेवली की तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात काय होतं ते ठरलेलं आहे: ओढूनताणून अर्ज भरले जातात आणि त्यातले बरेच फ्री लूकच्या, म्हणजे ग्राहकाला पॉलिसी परत करता येते त्या सुरुवातीच्या मुदतीत परत येतात. परत आलेली पॉलिसी पुढच्या तिमाहीच्या आकड्यातून वजा होते, म्हणजे ती तिमाही खड्ड्यातूनच सुरू होते. दुसरी उणीव कायमची आहे. रिन्युअल कंपनीचं राहतं. दहा वर्षं विक्री केली आणि नोकरी सोडली तर हातात शेवटचा पगार. शिकण्यासाठी दोन वर्षं उत्तम. त्यापुढे राहायचं तर बढतीसाठी राहावं, कमाईसाठी नाही.

दुसरं रूप निव्वळ कमिशनचं, एकाच कंपनीशी बांधलेलं. तिसरं उचलीचं, म्हणजे पुढच्या कमिशनातून वळती होणाऱ्या आगाऊ रकमेचं. चौथं स्वतंत्र प्रतिनिधीचं किंवा ब्रोकरचं, जो अनेक कंपन्यांचा माल विकतो. काही देशांत पाचवंही आहे: ग्राहकाकडून थेट फी. नेदरलँड्सने १ जानेवारी २०१३ पासून आयुर्विमा आणि इतर गुंतागुंतीच्या उत्पादनांवरचं कमिशन बंदच केलं. ब्रिटनने ३१ डिसेंबर २०१२ पासून किरकोळ गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन थांबवलं, पण निव्वळ संरक्षणाचा विमा त्यातून वगळला. फीवर पोट भरायचं तर तासांचा हिशेब ठेवावा लागतो आणि भेटीचं बिल लावायला जीभ रेटावी लागते. कमिशनवर वाढलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जातं.

उचलीबद्दल थोडं थांबावं लागेल, कारण नवशिका फसतो तो इथेच. उचल म्हणजे पगार असं त्याला वाटतं. करारात दोन प्रकार असतात: परतफेडीची उचल आणि बिनपरतफेडीची. परतफेडीच्या उचलीत दरमहा १०० मिळतात, पण ते खात्यावर नावे पडतात. समजा पहिल्या चार महिन्यांचं कमिशन ४०, ७०, १३० आणि १६० झालं. खात्याची बाकी अशी चालते: उणे ६०, उणे ९०, उणे ६०, शून्य. चार महिन्यांत ४०० हातात आले आणि ४००च कमावले. उचलीने दिलं ते फक्त अवेळी दिलं. दुसऱ्या महिन्याअखेर सोडून गेलात तर ९० देणं लागता. सहीआधी विचारायचा प्रश्न एकच: मी गेलो तर उणे बाकी माफ होते की वसूल होते? उत्तर तोंडी घेऊ नये.

कमिशनचं पत्रक, एक ओळ

आता निव्वळ कमिशनवाल्या कराराकडे. टक्केवारीचं प्रत्यक्षात काय होतं हे पाहायला महिन्याच्या कमिशन पत्रकातली एक ओळ पुरते.

ग्राहकाने वर्षाचा हप्ता भरला १,२६०. दर ५० टक्के. मनातल्या मनात हिशेब होतो ६३०. पत्रकातल्या 'कमिशनपात्र हप्ता' या रकान्यात मात्र १,२०० आहेत, कारण ६० हे पॉलिसी शुल्क आहे आणि त्यावर कमिशन मिळत नाही. काही करारांत तब्येतीमुळे लावलेल्या जादा हप्त्यावरही मिळत नाही, निदान तो जादा तात्पुरता असेल तर. १,२०० चे ५० टक्के ६००. पुढचा रकाना विभागणीचा: ही केस दोघांनी मिळून आणली, निम्मी-निम्मी, म्हणून ३००. पुढचा रकाना राखीव रकमेचा: पॉलिसी लॅप्स झाल्यास, म्हणजे हप्ते थांबून बंद पडल्यास, भरपाई करता यावी म्हणून १० टक्के कंपनी बाजूला ठेवते, ३० गेले. शेवटच्या रकान्यात २७०. याच्यावर कर आहेच.

६३० ते २७० हा प्रवास कुठेही लबाडीचा नाही. प्रत्येक पायरी करारात लिहिलेली आहे. पत्रकात चुका होतात त्या बहुधा दोन ठिकाणी. एक, विभागणी भलत्याच टक्क्यांनी नोंदली जाते, कारण अर्जावर दुसऱ्या प्रतिनिधीचा कोड नंतर कुणीतरी लिहिलेला असतो. दोन, हप्ता भरण्याचा वार्षिक मोड बदलून मासिक झाल्यावर जुन्या मोडवर दिलेलं कमिशन परत घेतलं जातं, पण नवं सुरू व्हायला एक फेरी चुकते. म्हणून स्वतःची वही ठेवावी: पॉलिसी क्रमांक, जारी झाल्याची तारीख, मोड, अपेक्षित रक्कम, प्रत्यक्ष रक्कम. महिन्याला अर्धा तास लागतो. तक्रार करायची मुदतही करारात असते आणि ती उलटली की पत्रक 'मान्य' धरलं जातं.

राखीव रकमेचं काय होतं तेही वाचून घ्यावं. ती कधी मोकळी होते, तिच्यावर व्याज आहे का, करार संपल्यावर किती काळ अडकून राहते. या तिन्हींवर गप्प असलेला करार मी तरी अपुराच म्हणेन.

ऐंशी टक्के की पंचेचाळीस?

दोन करार शेजारी ठेवू. करार 'क': पहिल्या वर्षी ८० टक्के, दुसऱ्या ते पाचव्या वर्षी २ टक्के, पुढे काही नाही. करार 'ख': पहिल्या वर्षी ४५ टक्के, दुसऱ्या ते दहाव्या वर्षी ८ टक्के आणि करार संपला तरी हे रिन्युअल प्रतिनिधीचंच. माणूस तोच, मेहनत तीच: वर्षाला ४० पॉलिसी, प्रत्येकीचा वार्षिक हप्ता १००. पहिल्या वर्षानंतर ८५ टक्के पॉलिसी टिकतात, पुढे दरवर्षी ९५ टक्के.

पहिल्या वर्षी 'क' देतो ३,२०० आणि 'ख' १,८००. इथेच बहुतेकांचा निर्णय होतो. पाचव्या वर्षी 'क' ३,४५२ वर पोचतो, 'ख' २,८०९ वर. 'क' तिथेच थांबतो, कारण त्याचं रिन्युअल पाच वर्षांनी तुटतं. जेवढं नवं मागे जमतं तेवढं जुनं गळतं. 'ख' चढत राहतो आणि नवव्या वर्षी ३,६३१ वर जाऊन पुढे निघतो. दहाव्या वर्षी ३,८११.

पण 'ख' चांगला असं लगेच म्हणू नये. दहा वर्षांची बेरीज केली तर 'क' ने सुमारे ३३,९०० दिले आणि 'ख' ने सुमारे २८,७००. म्हणजे दहा वर्षं झाली तरी एकूण हिशेबात 'क'च पुढे! फरक दिसतो तो विक्री थांबल्यावर. अकराव्या वर्षी एकही नवी पॉलिसी केली नाही तर 'क' देतो २५२ आणि 'ख' देतो २,०११. तसंच बसून राहिलं तर थांबल्यापासून चौथ्या वर्षी 'ख' ची एकूण बेरीज 'क' ला ओलांडते. आजारपण, बाळंतपण, निवृत्ती, धंदा मंदावलेली दोन वर्षं, या सगळ्याचं उत्तर त्या २,०११ मध्ये आहे. चार-पाच वर्षांत दुसरीकडे जाण्याचा बेत असेल तर 'क' घ्यावा आणि त्याची लाज वाटू देऊ नये.

आता याच गणितात एक आकडा हलवू. पहिल्या वर्षानंतर ८५ ऐवजी ६० टक्केच पॉलिसी टिकल्या. दहाव्या वर्षी 'ख' ३,८११ वरून ३,२२० वर घसरतो; 'क' ३,४५२ वरून ३,३७८ वर. 'क' ला फारसं जाणवतच नाही. वरच्या टक्केवारीचे करार पॉलिसी टिकवण्याबाबत प्रतिनिधीला बेफिकीर करतात असं म्हणतात, त्याचं कारण या दोन ओळींत आहे. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. त्यासाठीच वसुलीचं कलम जन्माला आलं.

वसुली

वरचा हिशेब वार्षिक हप्त्याचा होता. मासिक हप्त्यात चित्र बदलतं, कारण अनेक कंपन्या कमिशन आगाऊ देतात. मासिक हप्ता १००, दर ६० टक्के, नऊ महिन्यांचं आगाऊ: पॉलिसी जारी झाली की ५४० हातात. दहाव्या ते बाराव्या महिन्याचे ६०-६० नंतर. ग्राहकाने चार हप्ते भरून हात आखडला तर खरं कमावलं २४०. उरलेले ३०० पुढच्या पत्रकातून कापले जातात. नव्या केसेस कमी असतील तर पत्रक उणे येतं. एका महिन्यात अशा तीन पॉलिसी पडल्या की दोन चांगल्या केसेसचं बहुतेक कमिशन दिसायच्या आतच गिळलं जातं.

आगाऊचं प्रमाण बहुधा निवडता येतं: नऊ महिने, सहा महिने किंवा 'जसं भरेल तसं'. सुरुवातीला नऊचा मोह होतो. हातात सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक असेल तर 'जसं भरेल तसं' घेणं शहाणपणाचं. वसुलीचा प्रश्नच उरत नाही आणि काही कंपन्या आगाऊ रकमेवर लावतात ते व्याज किंवा शुल्कही वाचतं.

वसुलीची मुदत देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत आयुर्विमा आणि खासगी आरोग्यविम्यासाठी कायद्याने पाच वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची: पहिल्या वर्षात पॉलिसी बंद पडली तर पूर्ण कमिशन परत, दुसऱ्या वर्षात ६० टक्के. त्याच नियमांनी तिथे १ जानेवारी २०२० पासून पहिल्या वर्षाचं कमिशन हप्त्याच्या ६० टक्क्यांवर आणि पुढचं २० टक्क्यांवर बांधलं. न्यूयॉर्क राज्यात आयुर्विम्याच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनला ५५ टक्क्यांची मर्यादा आहे, खर्चभत्त्यांचा हिशेब वेगळा. भारतात १ एप्रिल २०२३ पासून उत्पादनवार कमाल टक्केवारी काढून टाकली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाची मर्यादा हाच लगाम ठेवला. त्यामुळे 'अमुक टक्के मिळतात' हे वाक्य कुणी ठामपणे म्हणालं की आधी विचारावं: कुठल्या देशात, कुठल्या पॉलिसीवर, कितव्या वर्षी?

पॉलिसी टिकण्याचं प्रमाण, ज्याला सगळे पर्सिस्टन्सीच म्हणतात, ते १३व्या महिन्याला मोजतात आणि मग २५, ३७, ४९, ६१व्या. तेरावा महिना यासाठी की वर्ष संपल्यावरचा पहिला हप्ता आला की नाही हे तेव्हा कळतं. बोनस, प्रवासाची बक्षिसं, वरच्या श्रेणीची टक्केवारी, बऱ्याच कंपन्या हे सगळं तेराव्या महिन्याला टांगून ठेवतात. म्हणजे एक पॉलिसी पडली की नुकसान तिहेरी: वसुली, गेलेलं रिन्युअल आणि उरलेल्या सगळ्या पॉलिसींवरचा हुकलेला बोनस.

पॉलिसी का पडते, याची कारणं साधी आहेत. हप्ता उत्पन्नाच्या मानाने मोठा लावला. हप्त्याची तारीख पगाराच्या आधीची ठेवली, म्हणून बँकेतून रक्कम वळती होताना खातं रिकामं. ग्राहकाने नात्यापोटी किंवा भिडेपोटी घेतली. तारखेचा दोष सर्वांत मूर्ख आणि सर्वांत सोपा: अर्ज भरतानाच पगाराचा दिवस विचारावा आणि हप्ता त्यानंतर तीन-चार दिवसांवर ठेवावा. मासिकपेक्षा वार्षिक मोड चांगला टिकतो, कारण वर्षाला बारा नव्हे, एकच निर्णय घ्यावा लागतो. भिडेच्या पॉलिसीला औषध नाही.

काय विकता त्यावरही

टर्म विम्यावर (ठरावीक मुदतीचं निव्वळ संरक्षण) टक्केवारी चांगली असते पण हप्ता लहान. बचतीच्या पॉलिसीत हप्ता मोठा. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीवर टक्केवारी अगदीच थोडी, पण रक्कम मोठी असली की एका सहीत महिना निघतो. रिन्युअल मात्र नाही. वयस्कर ग्राहकांसाठी काही कंपन्या ठरावीक वयानंतर दर उतरवतात. त्याच कंपनीची जुनी पॉलिसी मोडून नवी दिली तर कमिशन कापलं जातं किंवा मिळतच नाही, आणि ते योग्यच आहे. रायडरचा, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाचा दर मूळ पॉलिसीइतकाच असेल असं धरून चालू नये.

वाहन, घर, दुकान यांच्या विम्याचा धंदा वेगळ्या चालीचा. पहिल्या वर्षीची मोठी उडी इथे नसते. नव्याला आणि रिन्युअलला जवळपास सारखा, लहानसा दर. सुरुवातीची तीन वर्षं कोरडी जातात. पण ग्राहक दरवर्षी येतोच, आणि आयुर्विम्यात पाच-दहा वर्षांनी तुटतं तसं इथे तुटत नाही. धीर असलेल्यासाठी दीर्घकाळात हाच जास्त स्थिर धंदा, असं माझं मत. याचा एक त्रास म्हणजे दाव्यांचा ताण: ग्राहकाचा अपघात झाला की फोन प्रतिनिधीला येतो आणि त्या दिवसाचं कमिशन शून्य.

याच धंद्यात वर्षअखेरीस नफ्यातला वाटा मिळतो. तो विक्रीच्या आकारावर आणि आणलेल्या धंद्यात दावे किती निघाले यावर ठरतो. या वाट्याची काळी बाजू २००४ साली उघड झाली. न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मार्श अँड मॅक्लेनन या बड्या ब्रोकर कंपनीवर खटला भरला. आरोप असा की ग्राहकाचं काम करणारा ब्रोकर जास्त वाटा देणाऱ्या विमा कंपन्यांकडे धंदा वळवतो. २००५ च्या जानेवारीत कंपनीने ८५ कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. तेव्हापासून मोबदला ग्राहकाला उघड करून सांगण्याकडे कल वाढला. नफ्यातला वाटा नियमित उत्पन्न मानून त्यावर कर्जाचे हप्ते बांधू नयेत. एका वादळी वर्षात तो शून्य होतो.

नावं, भेटी, अर्ज

कमिशनचा दर प्रतिनिधीच्या हातात नसतो. संभाव्य ग्राहकांच्या शंभर नावांतून किती पॉलिसी निघतात हे असतं. उदाहरणापुरते आकडे घेऊ: १०० नावं, फोनवर सापडले ४०, भेट ठरली १२ जणांशी, झाली ८, अर्ज ३, जारी झाल्या २. बहुतेक जण उत्पन्न वाढवायला १०० ची २०० नावं करतात, म्हणजे खर्च दुप्पट. खरी गळती शेवटच्या पायरीला आहे, जिथे सगळी मेहनत आधीच होऊन गेलेली असते. तीन अर्जांतला एक का पडतो? वैद्यकीय तपासणीनंतर कंपनी हप्ता वाढवते आणि ग्राहक म्हणतो, 'तुम्ही तर कमी सांगितला होता.' उपाय अर्जाआधीच करायचा: उंची-वजन, तंबाखू, चालू असलेली औषधं, आई-वडिलांचे आजार, मागे कुठे अर्ज नाकारला होता का. या पाच उत्तरांवरून हप्ता वाढेल असं दिसलं तर सुरुवातीलाच वरचा आकडा सांगावा. नंतर कमी आला तर ग्राहक खूश. जास्त आला तर केस गेली.

कंपनी किंवा एजन्सी नावं पुरवत असेल तर ती फुकट नसतात. एक तर दर कमी केलेला असतो किंवा दर नावाला पैसे कापतात. विकत घेतलेल्या नावांत एकच नाव चार-पाच जणांना विकलेलं असू शकतं. ते एकट्यासाठी आहे की वाटून दिलेलं, हे लेखी विचारावं. जुनी नावं स्वस्त मिळतात, पण ती कितीदा वाजवून झालेली असतात कोण जाणे.

खर्चाची यादी लोक विसरतात: परवाना आणि त्याचं नूतनीकरण, सक्तीचे प्रशिक्षण तास, चुकीच्या सल्ल्याच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा स्वतःचा व्यावसायिक विमा, प्रवास, फोन, नावं, सॉफ्टवेअर. स्वतंत्र प्रतिनिधीला कंपनी जास्त दर देते ते हे सगळं त्याच्या डोक्यावर टाकूनच. आणि ग्राहकाला कमिशनातला वाटा परत देण्याचा खर्च? भारतात विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने त्याला मनाई आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आणि जर्मनीतही निर्बंध आहेत. तरी कुणी मागतोच. एकदा दिलं की पुढच्या रिन्युअललाही तो मागतो, हे कायद्यापेक्षा मोठं कारण.

वरच्या साखळीबद्दल दोन वाक्यं. प्रतिनिधीच्या प्रत्येक पॉलिसीवर त्याला नेमणाऱ्यालाही वरकमिशन मिळतं, म्हणून भरतीच्या बैठकीत दाखवलेला मोठा आकडा बहुधा भरती करणाऱ्याचा असतो, विकणाऱ्याचा नाही. 'हे उत्पन्न स्वतःच्या विक्रीचं किती आणि खालच्या लोकांच्या विक्रीचं किती?' असं विचारलं की बैठक जरा लवकर संपते.

मिलियन डॉलर राउंड टेबलचं सन्मानचिन्हही नीट वाचावं. १९२७ साली मेम्फिसमध्ये ३२ जणांनी सुरू केलेली विमा विकणाऱ्यांची ही संस्था. सदस्यत्वाला लागते त्याच्या तिप्पट उलाढालीला तिच्यात कोर्ट ऑफ द टेबल हा दर्जा आणि सहापटीला टॉप ऑफ द टेबल. त्यातून धंदा किती आणला ते कळतं. खर्च वजा जाता घरी किती गेलं ते कळत नाही.

सरासरीचे आकडेही असेच सांभाळून घ्यावेत. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२४ साठी विमा विक्री प्रतिनिधींचं मध्यक वार्षिक वेतन ६०,३७० डॉलर दिलं आहे. त्यात कमिशन धरलेलं आहे. पण ही पाहणी नोकरदारांची आहे, स्वतःचा धंदा करणारे तिच्यात येत नाहीत. या व्यवसायातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी कमावणारे दोघंही नेमके त्याच गटात भरलेले असतात.

मालकी कोणाची

शेवटी ते कलम, जे कुणी वाचत नाही. ग्राहकांची यादी आणि तिच्यावरचं रिन्युअल कोणाचं? अमेरिकेत स्वतंत्र प्रतिनिधीचा ग्राहक-नोंदींवरचा हक्क १९०४ च्या न्यूयॉर्कमधल्या, यॉंकर्सचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यापासून मानला जातो. म्हणून तिथे निवृत्त होताना 'पुस्तक', म्हणजे ही ग्राहकांची यादी, विकता येतं. एकाच कंपनीशी बांधलेल्याला बहुधा येत नाही. जर्मनीत मध्यममार्ग आहे: करार संपल्यावर, अटी पुऱ्या होत असतील तर, विमा प्रतिनिधी भरपाई मागू शकतो आणि तिची कमाल मर्यादा तीन वर्षांच्या कमिशनइतकी आहे.

करारात शब्द तपासावेत. 'रिन्युअल कमिशन' आणि 'सेवा शुल्क' दिसायला सारखे, पण सेवा शुल्क फक्त एजन्सी चालू असेपर्यंत मिळतं. किती वर्षांनी रिन्युअलचा हक्क पक्का होतो ते पाहावं; चार वर्षं अकरा महिन्यांवर बाहेर पडलेल्याला पाच वर्षांच्या अटीत काही मिळत नाही. वर्षाचं एकूण रिन्युअल ठरावीक रकमेखाली गेलं की देणं बंद, अशीही अट असते. 'कारणास्तव समाप्ती' झाल्यास सगळं जप्त, इथपर्यंत ठीक. पण ती कारणं कोणती, त्यांची यादी करारात असली पाहिजे. 'कंपनीच्या हिताला बाधा' एवढंच लिहिलेलं असेल तर दुरुस्ती मागावी. दुसऱ्या कंपनीत जाऊन जुन्या ग्राहकाला भेटणं हेही काही करारांत याच कारणात मोडतं.

आणि प्रतिनिधीच्या मृत्यूनंतरचं कलम. अनेक करारांत रिन्युअल वारसाला मिळतं, कधी पूर्ण मुदतीपर्यंत, कधी ठरावीक वर्षं, कधी प्रतिनिधीने किमान काही वर्षं काम केलेलं असेल तरच. त्यासाठी नामनिर्देशनाचा वेगळा फॉर्म असतो. तो करारासोबत आपोआप येत नाही, मागून घ्यावा लागतो.